सावलीतला वाटा

सोनकीच्या घरात संध्याकाळ कुणालाच आवडत नसे.

दिवसभर तिचा धाकटा भाऊ बारकू अंगणात उड्या मारायचा, मुंग्यांची रांग बघत बसायचा, आई केरसुण्या बांधू लागली की तिला शिंदीची पानं नेऊन द्यायचा. पण सूर्य टेकडीमागे उतरून आभाळ गुलाबी झालं, की बारकूच्या डोळ्यांपुढे अंधार यायचा. दिवा लागायच्या आधीच तो भिंत चाचपू लागायचा. कळशीला अडखळायचा, पडायचा, पण रडायचा नाही. नुसतं विचारायचा, "ताई, आज लवकर रात्र झाली का गं?"

वैद्यकाकांनी त्याच्या इवल्या पापण्या वर करून पाहिल्या. ते म्हणाले, "याचं औषध चुलीवर शिजतं. याला हिरवी पालेभाजी घाला. रोज म्हणजे रोज."

पण रोज भाजी आणायची कुठून? सोनकीला वडील नव्हते. केरसुण्या विकून भाकरी मिळायची आणि भाकरीवर मीठ-मिरची. भाजी शिजायची ती सणाला.

गावाबाहेर, निळ्या तळ्याच्या काठी, एक बाग होती. ज्यांना जमीन नव्हती अशा घरांना तिथे एकेक तुकडा पिकवायला मिळायचा. त्याला सगळे वाटा म्हणत. रखमाजीबाबा ती बाग सांभाळत आणि अक्षय तृतीयेला रिकामे वाटे देत. म्हणून त्या दिवशी आईने सोनकीची वेणी घालून तिला बागेत पाठवलं.

केवढी सुंदर होती ती बाग! लालचुटुक मिरच्या, जांभळी वांगी, पिवळीधमक भोपळ्याची फुलं, आणि त्यांच्यावर सोनेरी उन्हाचा नुसता चुरा सांडलेला. सोनकी बघतच राहिली. इथली माणसं पहाटे उठून, पाण्याचे हंडे वाहून हे सगळं फुलवतात, याचं तिला फार नवल वाटलं.

"उशीर केलास, पोरी," रखमाजीबाबा म्हणाले. "एकच वाटा उरलाय. तो बघ, जांभळीखालचा."

बागेच्या टोकाला तीन म्हाताऱ्या जांभळी एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून उभ्या होत्या. त्यांच्याखाली गर्द, गारेगार सावली होती. माती काळी आणि ओली. तिथे काहीच पेरलेलं नव्हतं.

शेजारच्या वाट्यात पारूमावशी मिरच्यांना आळी करत होती. ती कमरेवर हात ठेवून हसली. "घे घे. त्या वाट्यात अळंबीसुद्धा विचारून उगवतात, की बाई, इथे येऊ का नको?"

"पारू, गप," बाबा म्हणाले. मग ते सोनकीसमोर उकिडवे बसले. "नीट ऐक. वाटा घेतला की बदलून मिळत नाही. नवरात्रापर्यंत त्यात काही आलं नाही, तर वाटा जातो, आणि त्या घराला पुन्हा कधीच मिळत नाही. आज नको म्हणालीस तर पुढच्या वर्षी चांगल्या उन्हातला वाटा पहिला तुला देईन. दिवस मावळायच्या आत सांग."

सोनकी विचारात पडली. नको म्हणावं, तर बारकूची वर्षभराची प्रत्येक संध्याकाळ काळी जाणार. हो म्हणावं आणि काहीच उगवलं नाही, तर पुढच्या साऱ्या संध्याकाळी काळ्या.

ती हळूहळू जांभळींपाशी गेली. परक्या घरी आत शिरताना आई दारातून हाक मारायची, म्हणून सोनकीनेही सावलीच्या कडेला थांबून हाक मारली, "कुणी आहे का घरात?"

"आहे की," वरून आवाज आला. "ये ना."

फांदीवर एक बोटभर परी बसली होती. तिचे पंख जांभळे होते, त्यांच्या कडांना दवाचे इवले इवले मणी लावलेले. झगा कोवळ्या पानाचा. ती एक पिकलेलं जांभूळ दोन्ही हातांनी धरून खात होती, त्यामुळे तिची जीभही जांभळी झाली होती.

"हा वाटा बघायला येणारे सगळे वर बघून नाक मुरडतात आणि जातात," परी म्हणाली. "हाक मारून आलेली तू पहिलीच. मी तुला एक इच्छा देते. पण माझे नियम आहेत हं."

"कसले नियम, परीताई?"

"मी बागेची परी. बागेतलं असेल तेवढंच देऊ शकते. नवं काही घडवता येत नाही, म्हणून एकाला दिलं की दुसऱ्याकडचं कमी होतं. आणि एकदा दिलेलं परत घेत नाही."

"म्हणजे माझ्या भावाचे डोळे तुला बरे करता येणार नाहीत?"

परीने जांभूळ बाजूला ठेवलं. "नाही गं, राणी. डोळे बागेत पिकत नाहीत."

सोनकीने उन्हातल्या वाट्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तर या वाट्यात ऊन येऊ दे. तिकडे आहे तसं सोनेरी ऊन."

परीने पंख पसरले. पंखांतून चमचमता जांभळा धूर निघू लागला, आणि जांभळींची पानं थरथरली. तेवढ्यात सोनकीच्या मनात आलं आणि तिने विचारलं, "थांब. हे ऊन देताना कमी कुणाचं होणार?"

"बघ," परी म्हणाली.

दुपार भरली होती. बागेतली माणसं एकेक करून सावलीत येऊ लागली. त्यांचे चेहरे घामाने चमकत होते. कुणी भाकरीचं फडकं सोडलं, कुणी ताकाचं मडकं टेकवलं. पारूमावशीने सर्वांत खालच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली, तिच्यात आपल्या नातीला ठेवलं आणि ओठांतल्या ओठांत गुणगुणत झोके देऊ लागली. बाळाच्या गालावर सावलीचे हिरवे ठिपके नाचत होते.

"ऊन हवं तर जांभळींना जावं लागेल," परी तिच्या कानाशी म्हणाली. "मग ही झोळी कुठे बांधणार, मला माहीत नाही."

सोनकीने पारूमावशीकडे पाहिलं. मघाशी हसली म्हणून तिचा थोडा राग आला होता. आता ती बाळाच्या कपाळावरची माशी पदराने अलगद हाकलत होती.

"नको," सोनकी म्हणाली. "ऊन नको."

परीने पंख मिटले. सोनकी जमिनीवर काडीने रेघा ओढत राहिली. मग तिने पुन्हा तोंड उघडलं, "मला उन्हातला एखादा वाटा दे. छोटासाच."

"तो तिकडचा बघ, तांबड्या पालेभाजीचा. चालेल?"

तांबड्या माठाची रोपं मखमलीसारखी दिसत होती. त्यांच्यापलीकडे एक पाठीत वाकलेले आजोबा उभे होते. ते एकेका रोपाला झारीने पाणी घालत होते आणि प्रत्येकाशी काहीतरी बोलत होते.

"त्यांचा आहे ना तो?"

"हो. घरी त्यांच्याशी बोलायला कुणी नाही."

सोनकीने काडी टाकून दिली. "हेही नको, परीताई. मला मागताच येत नाही बघ."

"वेळ आहे अजून," परी म्हणाली, आणि तिने सोनकीच्या तळहातावर एक जांभूळ ठेवलं.

जांभूळ गोड होतं, किंचित तुरट. ते चघळत सोनकी त्या काळ्या मातीवर बसून राहिली. तिने ओंजळीत माती घेतली. ती गार होती, मऊ होती, भिजवलेल्या पिठासारखी हाताला चिकटत होती. सगळ्या बागेची माती तापून फुटली होती, आणि ही मात्र शांत झोपली होती. बेडकाचं एक पिल्लू पानाखालून बाहेर आलं, सोनकीच्या अंगठ्यावर बसलं आणि पुन्हा सावलीत गेलं. उन्हाकडे त्याने पाहिलंही नाही.

सोनकीला एकदम वाटलं, याला इथे किती बरं वाटतंय.

ती उठली. सूर्य टेकडीकडे कलला होता. "परीताई, माझं ठरलं. बागेत ज्यांना ऊन सोसत नाही, ज्यांना सावलीतच बरं वाटतं, अशी झाडं मला दाखव. नुसती दाखव. आणायचं मी बघेन."

परी इतकी हसली की तिची जांभळी जीभ दिसली. "यात कुणाचं काय कमी होणार, हे नाही विचारलंस?"

"कुणाचं होणार?"

"कुणाचंच नाही," परी म्हणाली आणि तिने टाळी वाजवली.

सबंध बागेत हिरवे दिवे लागले. तळ्याकाठच्या धुण्याच्या दगडामागे, जिथे सांडपाणी साचायचं, तिथे अळवाचे कंद मातीखाली पाचूसारखे चमकू लागले. कुंपणाशी फेकून दिलेल्या हळदीच्या गड्ड्या सोन्यासारख्या उजळल्या. दगडांच्या फटीत पुदिन्याची चिमुकली पानं लुकलुकली. आजवर ज्यांना कुणी पेरलं नव्हतं, पाणी घातलं नव्हतं, ती सगळी झाडं जणू हात वर करून म्हणत होती, मी इथे आहे, मी इथे आहे.

सोनकी धावत रखमाजीबाबांकडे गेली. "बाबा, मी वाटा घेते. सावलीतला. आणि धुण्याच्या दगडामागचं अळू उपटून नेऊ का?"

"ने की. आम्ही दरवर्षी काढून टाकतोच," बाबा म्हणाले.

पारूमावशीने हातातलं खुरपं खाली ठेवलं. "अगं वेडे, अळू काय लावायची वस्तू आहे? ते सांडपाण्यावर आपोआप माजतं. वाट्यात वांगी लावायची असतात."

"वांग्यांना नाही आवडायचं तिथे, मावशी," सोनकी शांतपणे म्हणाली, आणि कंद खणायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती राबू लागली. कडेकडेने तिने अळू लावलं, जांभळींच्या बुंध्याशी हळद, आणि माणसांच्या मडक्यांतून पाणी ठिबकायचं तिथे पुदिना. मधली जागा तिने मोकळी सोडली. दुपारी माणसं जेवायला यायची तेव्हा ती म्हणायची, "हात त्या बाजूला धुवा हं, अळवाजवळ." माणसं हसायची, पण तिथेच हात धुवायची. मडक्यात उरलेलं पाणीही तिथेच ओतायची. बारकू झोळीतल्या बाळाला झोके द्यायचा.

मातीतून आधी हिरव्या सुरळ्या वर आल्या. मग त्या उलगडल्या. हत्तीच्या कानाएवढी पानं झाली, त्यांच्यावर पाण्याचे थेंब पाऱ्यासारखे इकडून तिकडे धावू लागले. आईने पहिल्यांदा अळूचं फदफदं केलं, त्यात चिंच आणि मूठभर शेंगदाणे घातले. बारकूने वाटी चाटून पुसून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा अळू, तिसऱ्या दिवशी पुन्हा. जितकी पानं खुडावी तितकी नवी येत होती.

भाद्रपदात पावसाने दडी मारली. ऊन असं तापलं की मिरच्यांनी माना टाकल्या आणि भोपळ्याचे वेल करपले. जांभळींच्या खाली मात्र सगळं हिरवंगार, तुकतुकीत होतं.

एका सकाळी पारूमावशी सावलीच्या कडेला येऊन उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "सोनके, चार पानं देशील? घरात भाजीला काडी नाही."

सोनकीने पानांची मोठी जुडी बांधली आणि वर पुदिना ठेवला. "देठं टाकू नकोस, मावशी. देठांचीही भाजी होते."

मावशीने जुडी पदरात घेतली. मग म्हणाली, "अळंब्यांना सांग, पारू चुकली म्हणून." दोघी खूप हसल्या. त्या दिवसापासून सोनकीच्या वाट्यातून घरोघरी अळू गेलं, आणि घरोघरून तिच्याकडे चिंचेचे गोळे, शेंगदाणे, उसळीपुरते मूग आणि एकदा तर तूपही आलं.

नवरात्रात रखमाजीबाबा वाटे बघायला आले. जांभळींखाली ते बराच वेळ उभे राहिले. एक पान त्यांनी हळूच उचलून पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"वाटा तुझा, पोरी," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी या सावलीला वाईट म्हणत आलो."

त्या संध्याकाळी सोनकी बारकूला घेऊन पानं खुडायला थांबली होती. आभाळ गुलाबी झालं होतं. फांदीवरून ओळखीचा आवाज आला.

"सोनके, मी निघाले गं. ज्या जागेला कुणी आपलं म्हणत नाही, तिथे मी राहते. आता या जागेला तुम्ही सगळे आहात. दूर एका माळावर एक पडकी विहीर एकटी आहे, तिच्याकडे जाते."

"परत येशील?"

परी फांदीवरून खाली आली. ती सोनकीच्या कपाळाला ओठ टेकवून वर उडाली. तिचे जांभळे पंख आधी गुलाबी झाले, मग केशरी, मग पांढरेशुभ्र, आणि त्यांतून प्रकाशाचे इतके कण उधळले की तिन्ही जांभळी पानोपानी झगमगल्या. क्षणभराने सगळं शांत झालं. झाडांखाली संध्याकाळ उतरली.

"ताई," बारकू म्हणाला, "ती कोण होती? पंखांची?"

सोनकीच्या हातातली पानं खाली पडली. "तुला दिसली?"

"हो. अजून दिसतेय. ती बघ, टेकडीच्या वर, चांदणीच्या शेजारून चाललीय. तुला दिसत नाही का?"

सोनकीने टेकडीकडे पाहिलं, पण तिला काहीच दिसेना. तिच्या डोळ्यांत पाणी दाटलं होतं.

बारकूने खाली वाकून एकेक पान गोळा केलं. मग ताईचा हात आपल्या चिमुकल्या हातात धरला आणि तो पुढे चालू लागला.

"हळू, ताई," तो म्हणाला. "इथे मूळ आहे. पाय उचलून टाक."

आणि तिन्हीसांजेच्या उजेडात तो तिला घरी घेऊन गेला.