म्हाकूबाईची वाटणी

फार वर्षांपूर्वी, कोकरवाडीच्या माळावर धनगरांची नऊच घरं होती तेव्हा, मोठी साथ आली आणि मेंढ्या पटापट मेल्या. उरल्या त्या वाडीत सगळ्यांत थोरल्या म्हाकूबाईनं गोळा केल्या आणि घराला दहा अशा वाटून दिल्या. पोटच्या लेकीला, भिवरीलाही दहाच. म्हाकूबाईनं हात लावला की मारकी मेंढीसुद्धा गपगार उभी राहायची, असं म्हणतात.

पहिल्या साली शेजारच्या सिदाच्या प्रत्येक मेंढीला कोकरू झालं. भिवरीच्या दोन लांडग्यानं नेल्या. लांडगा काही घर विचारून येत नाही. पुढचं साल सगळ्यांनाच पावलं. सिदाच्या विसाच्या तीस झाल्या, भिवरीच्या आठाच्या बारा. साल सारखं, तरी अंतर वाढलंच. असं होत होत सिदाचा कळप माळभर झाला आणि कधी लांडगा, कधी रोग करत भिवरीकडं तीन मेंढ्या राहिल्या.

"आई, तुझा हात सिदाकडं झुकला," भिवरी म्हणाली.

ते म्हाकूबाईला लागलं. तिनं सगळ्या मेंढ्या पुन्हा एकत्र केल्या. सिदा कुरकुरला, पण तिच्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. या खेपेला तिनं डोळ्यांवर पट्टी बांधून वाटल्या. दहा-बारा पावसाळे गेले आणि पुन्हा तेच. फक्त आता कळप पलीकडच्या घरातल्या बिरूचा मोठा होता आणि सिदा त्याच्याकडं राखणीला होता.

"त्याला इचारा मंतर," सिदा म्हणाला.

"काकी, म्या तर नुसता झोपलोवतो," बिरू म्हणाला, आणि ते खरंच होतं.

भिवरीची शेवटची मेंढी गेली. बोचकं डोक्यावर घेऊन ती परमुलखाला निघाली. "आई, अजून एकडाव वाट. मी ऱ्हाते."

"वाटते की. किती साल पुरंल तुला?" म्हाकूबाई म्हणाली. "चूक असती तर निस्तरली असती, बाई. हितं कुनाची चूकच न्हाई."

भिवरी गेली ती गेलीच. म्हातारी लेकीच्या रिकाम्या वाघरीत, जाळीच्या त्या कुंपणात, जाऊन बसली. तिच्या अंगावर लोकर उगवली, असं म्हणतात. एका सकाळी नुसता लोकरीचा ढीग होता, आत कुणी नव्हतं.

अजूनही पाडव्याला कोकरवाडीत म्हाकूबाईच्या नावानं सगळ्या मेंढ्या एकत्र सोडतात. कुणाच्या किती, हे त्या दिवशी विचारायचं नसतं. दिवस मावळला की मेंढ्या आपापल्या घराकडं वळतात. एखाद्या दारात धूळ कितीतरी वेळ खाली बसत नाही. एखाद्या दारात उठतच नाही.