केरबा आणि उन्हाची पेटी

एका गावात एक भोळा केरबा होता. इतका भोळा, की 'बघून चाल' म्हटलं तर सांगणाऱ्याकडेच बघत चालायचा. मामाची मुलगी हौसा त्याला पसंत होती, हौसालाही तो. पण मामांची अट होती, केरबा नोकरीत टिकला तरच लग्न.

नोकरी लागली तालुक्याच्या व्यायामशाळेत. तिथल्या वस्तादांनी उन्हाची पेटी आणली होती. आत दिवेच दिवे. उघड्या अंगाने आत झोपायचं, झाकण लावायचं, की माणूस भाजक्या शेंगेसारखा होऊन बाहेर येतो. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत गोऱ्या अंगावरचे स्नायू दिव्यांखाली दिसत नाहीत म्हणे, म्हणून ही खटपट. आम्ही बायका टॅन काढायला पार्लरात ताटकळतो आणि हे गडी चढवायला. असो.

वस्ताद म्हणाले, "घंटा वाजली की झोपलेल्याला उठवायचं. एवढंच तुझं काम."

संध्याकाळी केरबा घरी निघाला. गल्लीत कुल्फीवाल्याने घंटा वाजवली. शेजारच्या ओसरीत बाळ झोपलं होतं. केरबाने त्याला उठवलं. बाळाने गल्ली डोक्यावर घेतली. बाळाच्या आजीने केरबाला समजावलं, की झोपलेल्याला उठवू नये, ज्याचा तो उठतो.

केरबाला पटलं.

दुसऱ्या दिवशी संपत नावाचा गडी पेटीत पालथा झोपला आणि घोरायला लागला. घंटा वाजली. केरबा स्वस्थ. ज्याचा तो उठेल. संपत उठला तेव्हा पाठ वांग्यासारखी आणि पोट पिठासारखं. वस्तादांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "एक बाजू झाली की उलटायचं रे, भाकरीसारखं."

केरबाला हेही पटलं.

रविवारी तो मामांकडे जेवायला गेला. जेवून मामा बाजेवर एका कुशीवर लवंडले. केरबा शेजारी बसून बघत राहिला. एकच बाजू होत होती. शेवटी न राहवून त्याने मामांना उलटलं. मामा बाजेच्या पलीकडे, थेट जमिनीवर.

मामा कंबर धरून उठले. संपतची पाठही त्यांच्या कानावर आली होतीच. म्हणाले, "केरबा, नाव घालवलंस. आता तोंड उजळ कर, मगच या दारात ये. नाहीतर हौसाला दुसरीकडे देतो."

केरबाने विचार केला, तोंड उजळायचं तर उजेड पाहिजे, आणि पेटीइतका उजेड अख्ख्या तालुक्यात नव्हता. रोज दुपारी व्यायामशाळा रिकामी झाली, की तो पेटीत शिरायचा. मामा फक्त तोंड म्हणाले होते, म्हणून गळ्याखाली घोंगडी. डोळ्यांवर पेटीसोबत आलेला काळा चष्मा. एक गाल झाला, की दुसरा गाल.

पंधरवड्याने आरशात बघतो तर काय, तव्याचं बूड. त्यात डोळ्यांभोवती दोन पांढरी भोकं. केरबा रडकुंडीला आला. पण हौसाला बघायला पाहुणे येणार असं कानावर आलं, तेव्हा त्याला राहवेना. नारळ घेतला आणि तसाच निघाला.

मामांच्या ओसरीत पाहुणे बसले होते. केरबा उंबऱ्याबाहेर नारळ धरून उभा. हौसाने दाराआडून पाहिलं आणि तोंडात ओढणी कोंबून आत पळाली. पाहुण्यांच्या हातातला चहा हिंदकळला. मामांनी भाच्याकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं. मग दातओठ खात म्हणाले, "केरबा, आत्ताच्या आत्ता तोंड काळं कर."

केरबाचा जीव भांड्यात पडला. त्याने आत येऊन मामांच्या हातात नारळ ठेवला, वाकून पाया पडला.

"ते घरूनच करून आलोय, मामा. आता तारीख काढा."