रेहानाचा पूर्वपक्ष

"...मग तिच्यात असं काय आहे, सर, जे माझ्यात नाही?"

प्रद्योत इंगवले भर उन्हात टेकाड चढून आला होता. चपला अजून पायातच होत्या आणि प्रश्न तोंडाबाहेर पडलासुद्धा.

हुपरीकर सर ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. विद्यापीठात त्यांनी उभा जन्म एकच विषय शिकवला होता: माणसाने शोधावं कसं, शोधलेलं लिहावं कसं, आणि चार लोकांपुढे उभं राहून ते सांगावं कसं. निवृत्त झाले तरी पहिल्या वर्षाचा सादरीकरणाचा तास त्यांनी सोडला नव्हता. यंदा मात्र गुडघ्यांनी संप पुकारला. तो तास वरच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याच्या हवाली करायचं ठरलं.

कुणाच्या, हे विचारायची प्रद्योतला गरजच वाटली नव्हती. जिल्ह्यातली एकही वक्तृत्व स्पर्धा त्याने सोडली नव्हती. करंडक ठेवायला जागा पुरेना तेव्हा आईने कपाटातली पितळी भांडी माळ्यावर टाकली होती. तो बोलायला उभा राहिला की सभागृह चिडीचूप व्हायचं. हा तास आपलाच, असं तो दोन वर्षं धरून चालला होता.

आणि आज सकाळी विभागाच्या फळ्यावर नाव लागलं होतं, रेहाना मुजावर. प्रद्योतच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"बस की," सर म्हणाले. "शेंगा खा."

"मला शेंगा नकोत, सर. उत्तर हवंय. आभारप्रदर्शनावर प्रबंध लिहिलाय तिने. आभारप्रदर्शन! जे सुरू झालं की लोक चपला शोधायला उठतात, त्यावर! आणि बोलते कशी? एक वाक्य झालं की थांबते. पुढचं येईपर्यंत माणूस चहा पिऊन येईल."

"हेवा वाटतो तुला तिचा?"

"हेवा? मला? तिचा?"

सर शेंगा फोडत राहिले.

"...हो. वाटतो. जेवण गोड लागत नाही."

"बरं." कुणी सर्दी झालीय म्हणावं, तितक्या सहज त्यांनी ते ऐकून घेतलं. "मग निवड बदलू या."

प्रद्योत बघतच राहिला.

"पण आपल्या वर्गाची रीत ठाऊक आहे ना? आधी पूर्वपक्ष."

रीत कुणाला ठाऊक नव्हती! सरांच्या वर्गात कुणालाही खोडून काढायचं तर आधी त्याची बाजू आपण मांडायची, आणि ती अशी मांडायची की त्याने स्वतः मान डोलवून म्हणावं, 'हो बाबा, मला हेच म्हणायचं होतं.' त्यानंतरच खंडन. या रीतीपायी भलेभले वादपटू रडकुंडीला आले होते.

"तास रेहानालाच का द्यावा, ते सांग मला. मग खोडून काढ. खोडलंस की तास तुझा."

"आत्ता?"

"मग काय, मुहूर्त काढू?"

प्रद्योतला मनातून हसूच आलं. याहून सोपी स्पर्धा त्याने पाहिली नव्हती. त्याने चपला काढल्या, घसा साफ केला.

"रेहाना कष्टाळू आहे. स्वभावाने गरीब आहे. मोठ्यांच्या पुढेपुढे कसं करावं, हेही तिला छान कळतं..."

"हे ऐकून ती मान डोलवेल?"

"...नाही."

"हा तुझाच पक्ष झाला. पुन्हा."

प्रद्योत उठून उभा राहिला. उजवा हात आपोआप वर गेला. आवाज खाली अंगणापर्यंत खणखणला.

"वाणी ही सरिता आहे! आणि त्या सरितेच्या काठी, सोसाट्याच्या वाऱ्यात, शांतपणे तेवणारी पणती म्हणजे..."

"अरे, वाऱ्यात कशाला ठेवलीस तिला? विझेल ना."

हात हवेतच राहिला.

"खाली बसून बोल," सर म्हणाले. "एवढ्या लांब कुणीही बसलेलं नाही."

तो बसला. पण खाली बसून बोलायची त्याला सवयच नव्हती. शब्द सुचेनात. त्याने एक शेंग उचलली, फोडली, दाणे तसेच हातात ठेवले...

"बाहेरचे परीक्षक आले होते ना, त्या दिवशी..."

"हं."

"तिला त्यांनी विचारलं, ज्यांचे आभार मानायचे राहून जातात त्या माणसांना काय वाटतं, हे तू त्यांना विचारलंस का? ती थांबली. मला बरं वाटलं, सर. म्हटलं, अडकली एकदाची. आणि ती म्हणाली, 'नाही विचारलं. विचारायला हवं होतं. मला सुचलंच नाही.' लिहून घेतलं तिने ते, तिथेच, सगळ्यांदेखत."

सरांचे हात चालूच होते.

"लोक पुढे सरकून बसले तेव्हा. माझ्या भाषणाला ते मागे रेलून बसतात. मजा बघायला आल्यासारखे. तिच्यासाठी पुढे वाकले... त्याच दिवशी मलाही प्रश्न विचारला होता. मला तो कळलाच नव्हता. मी बोलत सुटलो. टाळ्या पडल्या. परीक्षकही खूश झाले. तुम्ही तेवढे खाली बघत होता."

"पुढे?"

"पहिल्या वर्षाची मुलं भाषणाआधी तिच्याकडे जातात. ग्रंथालयामागच्या कट्ट्यावर. माझ्याकडे आलंच कुणी, तर मी त्याचं भाषण त्याला करून दाखवतो. झकास करतो. मग ते पोर माझ्यापुढे पुन्हा तोंड उघडत नाही. ती नुसती ऐकते. परवा एक मुलगी बोलता बोलता विसरली. रडायच्या बेतात होती. रेहाना गप्प. इतकी गप्प, की इकडे खांबाआड मलाच घाम फुटला. म्हटलं, अगं बाई, सांग की तिला पुढचं वाक्य! पण नाही सांगितलं. मग ती मुलगीच बोलायला लागली. पाठ केलेलं नव्हतं ते. पाठ केलेल्यापेक्षा चांगलं होतं."

"तू खांबाआड होतास?"

प्रद्योतची मान खाली गेली. "...रोज असतो."

शेंग फोडणारा हात थांबला.

"तिचं थांबणं मला पाठ आहे, सर. कुठे थांबते, किती थांबते, सगळं. आरशासमोर करून पाहिलं मी. मी थांबलो की विसरल्यासारखा दिसतो. ती थांबते तेव्हा समोरच्याला जागा करून देते. एस्टीत सरकून बसावं तशी. मला नाही कुणाला जागा देता येत. मी अख्खा बाक अडवून बसतो... आणि पहिल्या वर्षाची ती पोरं उभीच्या उभी राहतात. म्हणून तास तिलाच द्यायला हवा."

शेवटचं वाक्य तोंडून गेलं आणि तो स्वतःच दचकला.

खालच्या रस्त्याने एक रिक्षा घरघरत गेली.

"झाला पूर्वपक्ष," सर म्हणाले. "आता खंडन."

प्रद्योतने तोंड उघडलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा ज्याचा जन्माचा खाक्या, त्याची जीभ जागची हलेना.

"...नाही, सर. तास तिचाच."

"मग तास तिचाच."

मिळवायला आलेली गोष्ट तो आपल्याच तोंडाने घालवून बसला होता. लोक म्हणतात, अशा वेळी मन मोठं होतं. कसलं काय! फळ्यावरचं ते नाव त्याला मघासारखंच डाचत होतं. उलट जास्तच.

"सर, खरं ते सगळं बोललो. आजवर कुणापुढे बोललो नव्हतो. तरी हेवा जात नाही. आधी मोघम जळत होतो, आता कशाकशावर जळतो तेही कळलं. तुम्ही एवढी वर्षं एवढी माणसं पाहिलीत... हा घालवायचा कसा, तेवढं सांगा."

हुपरीकर सरांनी शेंगांची परात बाजूला सारली. धोतरावरची टरफलं झटकली. मग खाली विद्यापीठाच्या कौलांकडे पाहिलं.

"मला नको विचारूस," ते म्हणाले. "जन्मभर शिकवलं, पण माझ्याबद्दल असं कुणी कधी बोललं नाही... मघापासून मीच त्या पोरीवर जळतोय."