धान्यबाजारातला उपाशी बोका

पूर्वी सागरपट्टण नावाच्या बंदरात राजा भद्रसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने तिथल्या धान्यबाजारात बोक्याचा जन्म घेतला होता. कान फाटका, अंगावर मारामाऱ्यांच्या खुणा, पण मन शांत. बाजारातली कोठारे मांजरांच्या जिवावर शाबूत होती. तरी मांजरांना वाली म्हणून कोणी नव्हता.

त्याला कारण होते. नगराची रीत अशी, की जो मांजराला उघडपणे खाऊ घालील तो त्याचा धनी, आणि मांजराने काही सांडले-लवंडले तर भरपाई धन्याने करायची. मग हे लोढणे कोण गळ्यात बांधून घेणार? वासुला नावाची एक विधवा म्हातारी तेवढी लोकांची दळणे दळून पोट भरायची आणि भर चौकात मांजरांना भाकरी कुस्करून घालायची. साहजिकच गावभरच्या मांजरांची पापे तिच्या माथी बसत.

याच बाजारात नंदियक नावाचा धान्याचा व्यापारी होता. जिभेचा तिखट. मांजर दिसले की काठी घेऊन धावायचा. पण दुकानामागे, पोत्यांच्या आडोशाला, हाच नंदियक रोज बोक्यासाठी दहीभाताची वाटी ठेवायचा आणि तो जेवेपर्यंत पहारा द्यायचा. न जाणो, कोणी बघितले तर?

एकदा असाच दहीभात खाऊन बोक्याने उडी मारली आणि तुपाचा घडा फुटला. नंदियकाने ते डोळ्यांनी पाहिले होते. तरी तो तणतणत वासुलेकडे गेला.

"म्हातारे, तुझ्या मांजरानं माझं तूप सांडलं. भरपाई काढ."

"माझ्याकडं काय आहे, शेटजी? हे जातं तेवढं आहे."

नंदियकाने जाते गड्याच्या डोक्यावर चढवून नेले. आपण रीतीला धरून वागलो, असेच त्याला वाटले. रात्री झोपही छान लागली.

पुढे काही दिवसांनी बोका नेहमीच्या वेळी आला, पण वाटीला तोंड लावीना. भाताचा वास घेतला, नंदियकाकडे बघून ओरडला. दोन पावले जाई, मागे वळून बघे, पुन्हा ओरडे.

"खा की मेल्या! आता काय हात जोडू तुझ्यापुढं?" नंदियक पुटपुटला.

बोधिसत्त्वाला भूक नव्हती असे नाही. पण जिने या साऱ्या मांजरांना जगवले ती उपाशी असताना त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्याच्या सांगण्यावरून त्या दिवशी बाजारातल्या एकाही मांजराने अन्नाला तोंड लावले नव्हते. त्याने नंदियकाच्या धोतरात नख्या रुतवल्या आणि ओढू लागला. शेवटी नंदियक उपरण्याखाली वाटी झाकून त्याच्या मागे निघाला.

वासुलेच्या झोपडीशी येताच तो खिळल्यासारखा उभा राहिला. दारात कुंभारीण रेवती होती, तिच्या हातात दुधाचे मडके. जहाजावरचा तांडेल होता, त्याच्या हातात भाजलेला मासा. वैद्य जीवदत्त होते. त्यांच्याही उपरण्याखालून माशाचाच वास येत होता, आणि एरवी ते सोवळेपणाच्या गोष्टी सांगत! प्रत्येकापुढे एकेक मांजर ओरडत होते.

"शेटजी, तुम्ही?" रेवती म्हणाली.

"आणि तू गं?"

मागूनही एकेक दुकानदार काहीतरी झाकून येत होता. सारा बाजार चोरून मांजरांना पोसत होता, आणि सारा बाजार भरपाई मात्र एकट्या वासुलेकडून घेत होता. नंदियकाच्या कानशिलांत आग उठली.

तो आत वाकला. चूल थंड होती. एकूण एक मडके रिकामे. वासुला भिंतीशी पडली होती, गालांची हाडे वर आलेली. जाते काढून नेले त्या जागी, तिच्याच लुगड्याच्या फाडलेल्या तुकड्यावर, मांजराची डोळे न उघडलेली पिले निजली होती.

वैद्यांनी नाडी पाहिली.

"हिला रोग नाही," ते म्हणाले. "भूक आहे."

"मी केलं हे!" नंदियक ओरडला. "पोटाचं साधन उचलून नेलं मी हिचं! माणूस आहे का मी?"

मांजरासाठी आणलेला तो दहीभात त्याने पाण्यात कालवला आणि वासुलेचे डोके मांडीवर घेऊन घोट घोट पाजला. पुष्कळ वेळाने तिने डोळे उघडले.

"मांजरं जेवली का?" तिने विचारले.

नंदियक लहान मुलासारखा रडला. तेव्हा कुठे बोक्याने रेवतीच्या मडक्यातले दूध चाटले.

दुसऱ्या दिवशी नंदियक जाते स्वतःच्या डोक्यावर घेऊन वासुलेकडे गेला, आणि तिथून थेट राजसभेत.

"महाराज, बाजारातली सगळी मांजरं माझी आहेत," तो म्हणाला.

"आणि माझी," मागून रेवती म्हणाली. मग तांडेल, मग वैद्य, मग सारा बाजार. राजा थक्क झाला. त्याने ती रीत मोडली आणि नुकसान सगळ्यांनी मिळून सोसायचे ठरले. मांजरांच्या खरजेला औषध वैद्यांकडून मिळू लागले, पाण्याच्या परळ्या रेवतीकडून. जहाजांवर उंदीर दोर कुरतडत, म्हणून वाढती पिले तांडेल नेऊ लागला. वासुलेच्या घरी रोज कोणी ना कोणी डोकावू लागले.

ही कथा सांगून भगवान शास्ते विहारात जमलेल्या भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा नंदियक म्हणजे हा पुढे बसलेला भिक्षू तिष्यक. बाजारातली माणसे म्हणजे तुम्ही सारे. बोका मी होतो. आणि वासुला म्हणजे रोज पहाटे हा विहार झाडणारी म्हातारी उपासिका." त्यांनी अंगणाकडे बोट दाखवले. "आज अंगण झाडलेले नाही. ती का आली नाही, हे कोणाला ठाऊक आहे?"

कोणालाच ठाऊक नव्हते. मग तिष्यकाने आपले भिक्षापात्र उचलले आणि तो उपासिकेच्या घराकडे धावत सुटला. त्याच्या मागोमाग सारे उठले.

बोधिसत्त्वाने त्या जन्मी पूर्ण केली ती मैत्री-पारमिता.