गोजराबाईंचं वाकडं अक्षर

"मग 'खचलेले महिने' नको, तर प्रकरणाला नाव काय देऊ, सर?"

माझी आठ महिन्यांची मुलगी निसळ सरांच्या मांडीवर बसून त्यांच्या चष्म्याची काडी चोखत होती.

सर सत्त्याऐंशीचे. जुनी हस्तलिखितं वाचायला त्यांनीच मला शिकवलं. इतिहासाची नवी पुस्तकं अजूनही त्यांच्या घरी येऊन पडतात... लढायांची, चळवळींची, थोर माणसांची. माझं पहिलंच पुस्तक उद्या छापायला जाणार होतं. ते त्या ढिगात शोभेल का, हे विचारायला मी आले होते. खरं सांगायचं तर 'छान झालंय' एवढंच ऐकायला आले होते.

पुस्तक गोजराबाई शेलार यांच्यावर. दुसऱ्या महायुद्धात घरटी एक माणूस पलटणीत गेलेलं गाव, आणि बाई तिथल्या शाळेत शिक्षिका. सैनिकांची पत्रं बायकांना वाचून दाखवायची, उत्तरं लिहून द्यायची, आणि रात्री दोन ओळींची रोजनिशी. त्यात स्वतःबद्दल अक्षर नाही. कुणाचं पत्र आलं, काय काम झालं, बास.

"पुरावा आहे, सर." मी झेरॉक्स पुढे सरकवल्या. "जून त्रेचाळीसपर्यंत अक्षर कसं मोत्यासारखं. आणि मग एकदम हे. ओळी खाली घसरतायत, अक्षरं हिसका बसल्यासारखी, जागोजाग शाई सांडलेली. त्याच महिन्यात गावात मृत्यूच्या तारा यायला लागल्या होत्या. अकरा महिने असंच चाललंय."

"आणि मग?"

"मग सावरल्या. एका दिवसात अक्षर सरळ. हे बघा, एकवीस मे. 'पाळणा धुऊन माळ्यावर ठेवला. तीन पत्रे लिहिली.' घर आवरायला लागल्या म्हणजे. म्हणून पुढचं प्रकरण 'सावरलेले दिवस'."

"पाळणा कुणाचा गं?"

"मुलाचा, जुना. दत्तू नऊ वर्षांचा होता तेव्हा. वंशावळीत तो एकटाच आहे."

"वंशावळ कुणी लिहिली?"

"बाईंच्या दिरांनी. पुढे साठ साली."

"हं..."

विद्यार्थिनी होते तेव्हापासून या 'हं'चा अर्थ एकच, माझं कुठेतरी चुकलंय.

मी घाईघाईने म्हणाले, "सर, मुलगी झाल्यापासून माझं एक वाक्य एका बैठकीत पुरं झालेलं नाही. बाकी काही नसेल येत मला, पण खचणं कसं दिसतं ते तरी कळतं."

सरांनी मुलीच्या तोंडातून चष्मा सोडवला. धोतराला पुसला. डोळ्यांवर चढवला. सगळं सावकाश.

"जेवलीस का?"

"सर, प्रकरणाचं..."

"हिला घे. मांडीवर. हं, आता पेन घे. आजची तारीख लिही, आणि खाली लिही, जेवलीस की नाही ते."

मी लिहायला लागले. कागद सरकला. धरायला हात कुठे होता? डावा हात मुलीच्या पोटाभोवती. तिने पेनावर झेप घेतली आणि 'नाही'मधला काना पार खालच्या ओळीत जाऊन पडला.

"मुलगी आहे की लढाई?" सर हसले. "पुरं कर वाक्य."

केलं कसंबसं.

सरांनी माझा कागद उचलला. गोजराबाईंच्या पानाशेजारी ठेवला. त्यावर भिंग ठेवलं.

मला भिंग लागलं नाही.

"सर... बाईंना..."

त्यांनी भिंग बाजूला केलं.

"बाईंना बाळ झालं होतं! त्या खचल्या-बिचल्या नव्हत्याच, सर. एका हातात बाळ आणि दुसऱ्या हाताने अख्ख्या गावाची पत्रं!"

मला इतका आनंद झाला की मी मुलीचा मुका घेतला. तिला काय, तिला पेन हवं होतं. दोन वर्षं ती पानं मी वाचत होते. त्यातले आठ महिने तर हिला मांडीवर घेऊनच. आणि मला दिसलं नव्हतं. पण आता दिसलं होतं, आणि छपाई उद्या होती.

"मी आत्ता प्रेसला फोन करते. ते प्रकरण बदलते. पुढचं 'सावरलेले दिवस' तसंच राहू दे."

फोन पर्समध्ये होता. मुलीला सतरंजीवर ठेवायला मी वाकले.

सरांनी हात आडवा घातला.

दुसऱ्या हाताने त्यांनी एकवीस मेचा कागद माझ्यासमोर ठेवला. 'पाळणा धुऊन माळ्यावर ठेवला...' सुबक, मोत्यासारख्या दोन ओळी. एकही डाग नाही.

"तिला खाली ठेवू नकोस," ते म्हणाले. "मांडीवरच असू दे... आता हे सरळ पान वाच."