एक वीत

"अजून किती उरलंय, सटवाबा?"

"एक वीत, सायेब."

तीन वर्षं रोज हाच प्रश्न आणि रोज हेच उत्तर.

नदीखालून माणसं चालत जातील असं म्हटलं तर लोक तोंडावर हसायचे, त्या काळची ही गोष्ट. नरहरपंत विलायतेत शिकून आलेले इंजिनीअर. शहराच्या नदीखालून बोगदा खणायचा विडा त्यांनीच उचललेला. निम्मी नदी त्यांनी मागे टाकली होती. पण खणणाऱ्यांतल्या सगळ्यात जुन्या माणसाचं हे 'एक वीत' ऐकलं की त्यांच्या डोक्यात सणक जायची.

काम मात्र होतंच तसं. समोरच्या चिखलाला छत्तीस फळ्यांचा अडसर. एक फळी काढायची, वीतभर माती उकरायची, फळी पुढे सरकवून घट्ट बसवायची. मग दुसरी. डोक्यावर अख्खी नदी.

गेल्या महिन्यात पंतांचा धीर सुटला.

"दोन-दोन फळ्या काढा," त्यांनी फर्मावलं.

सटवाबा नको म्हणाले. पंतांनी ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी नदी आत आली. बाकीचे शिडी गाठून वाचले, सटवाबांचा धाकटा भाऊ म्हादू तेवढा मागे राहिला.

मग होड्यांतून चिकणमातीची पोती सोडून भोक बुजवलं, पाणी उपसलं. त्यानंतर पंत आज पहिल्यांदा खाली उतरले होते. फळ्यांपाशी सटवाबा एकटेच बसलेले. काय बोलावं ते सुचेना, म्हणून सवयीनं तोच प्रश्न तोंडातून गेला होता.

"बोगदा बंद करतोय," पंत म्हणाले. "उद्या भिंत घालतील."

सटवाबा फळ्यांच्या फटी चाचपत राहिले.

"म्हादूला मी मारलं, सटवाबा."

छतातून थेंब टपकत होते.

"लई गुणाचा होता," सटवाबा म्हणाले.

पंतांना रडू कोसळलं. महिनाभरात पहिल्यांदाच.

"रडा. हितं वरनं पानी गळतंयच. त्यात तुमचं वाईच."

मग त्यांनी एक आखूड कुदळ पंतांच्या हातात दिली आणि कोपऱ्यातली फळी दाखवली.

"ही म्हादूची. काढा."

"माझ्यानं नाही होणार..."

"म्या हाय न्हवं मागं."

पाठीवर तो खरबरीत तळवा टेकला. पंतांनी कशीबशी फळी काढली. आत काळा, गार चिखल होता. ते उकरत राहिले. तळव्याला फोड आला, धोतर चिखलानं माखलं. शेवटी त्यांनी पंजा पसरून मापलं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, बरोबर.

आणि पंतांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तीन वर्षं म्हातारा त्यांची थट्टा करत नव्हता! इथं कुणी, कधीच, याहून जास्त खणलं नव्हतं.

"सटवाबा!" ते गर्रकन वळले. डोळे अजून ओलेच होते. "कळलं मला! पलीकडचा किनारा मोजायचाच नसतो. उरते ती नेहमी एकच—"

सटवाबा त्यांच्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर पंतांच्या खांद्यावरून मागे, त्या उघड्या चिखलावर होती.

"कळलं ते ऱ्हाऊ द्या, लेकरा," ते मायेनं म्हणाले. "आधी फळी लावा."