एका बुरुजाची वेस

ही आमच्या हरणखोरीची वेस. पाहुणे आले की पहिलं हेच विचारतात, दुसरा बुरूज कुठं गेला? पेंढाऱ्यांनी पाडला का? वीज पडली का? नाही हो! आमच्याच गावानं उतरवला, आणि उतरवायला लावला तो सगुणाई पाटलिणीनं. आम्हाला त्याची लाज नाही, अभिमान आहे.

फार जुनी गोष्ट. तेव्हा वेशीला दोन बुरूज होते, मध्ये कमान, आणि दोन्ही बुरुजांच्या पोटात पहारेकऱ्यांना बसायला एकेक देवडी. पेंढारी चालून आले तेव्हा ह्याच वेशीनं गाव राखलं, असं सांगतात. सगुणाईचे सासरे त्या दिवशी दाराशी लढताना पडले. तिचा नवरा बयाजी पाटील, त्याचा तर वेशीत जीव. मरताना त्यानं बायकोचा हात धरून वचन घेतलं म्हणे, "काही झालं तरी वेशीला कुणाला हात लावू देऊ नकोस." तिनं शब्द दिला.

पुढं दिवस पालटले. पहारे उठले, दारं वाळवीनं खाल्ली, कमानीत पिंपळ उगवला. एका बाजारच्या दिवशी वरून दगड सुटला तो एका कुंभारणीच्या पुढ्यातच. गाडग्यांचा चुरा झाला, बाई तेवढी वाचली. गाव चावडीवर जमलं. सटवाजी बेलदारानं दोन्हीकडे पहारीनं ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळायचं नाही. माझं ऐकाल तर सगळीच उतरवा." पुष्कळांनी माना डोलावल्या.

पाटीलकी सगुणाईच्या मुलाकडे, विसाजीकडे होती, पण चालायचं ते आईचंच. ती पदर खोचून उठली. म्हणाली, "वेस धड आहे. विश्वास नसेल तर उद्यापासून माझं दळण वेशीत!" बाई भारी हट्टी. गड्यांकडून जातं उचलवलं, डाव्या देवडीत मांडलं आणि रोज उजाडता तिथं ज्वारी दळू लागली. ओव्याही अशा म्हणायची की अख्ख्या गावाला ऐकू जावं. लोकांची भीती गेली. वेशीतून पुन्हा जा-ये सुरू झाली.

थोड्याच दिवसांत विसाजी जेवता जेवता थांबला. आईचा धाक, बोलणार कसा? शेवटी चाचरत म्हणाला, "आई, भाकरीत कचकच लागतेय." जात्याच्या दगडाला नुकतेच टाकीनं टोचे पाडून घेतले होते, म्हणून तिला वाटलं, जातंच दगडाची खर सोडत असेल. जातं साफ व्हावं म्हणून तिनं कोंडा दळून टाकला, ज्वारी पुन्हा पाखडली. कचकच तशीच. मग तिनं जातं उजव्या देवडीत हलवलं. तेच जातं, तीच ज्वारी, आणि भाकरी कशी स्वच्छ! पुन्हा डावीकडे नेलं, पुन्हा कचकच. तेव्हा तिनं वर पाहिलं. जात्याच्या घरघरीसरशी डाव्या बुरुजाच्या सांध्यांतून चुना झरत होता, पिठात पडला तर ओळखू येऊ नये इतका बारीक.

आता बघा, हे ठाऊक होतं एकट्या तिला. गप्प बसली असती तर कोण विचारायला येणार होतं? नवऱ्याला दिलेला शब्द राहिला असता. म्हणे त्या दिवशी ती नुसती ओसरीवर बसून वेशीकडे बघत राहिली. पोरं कमानीखालून पळत होती, सुना घागरी घेऊन जात होत्या, आणि जाता जाता म्हणत होत्या, "सगुणाई खाली बसतात, मग भीती कसली?" तेच तिला सोसेना.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन टोपल्या भाकरी चावडीवर नेल्या, एक डावीकडच्या पिठाची, एक उजवीकडच्या. सगळ्यांना खायला लावल्या. म्हणाली, "वेस धड आहे असं मीच सांगितलं होतं. चुकले. डावा बुरूज उतरवा, कमान उतरवा. उजव्याला मात्र कुणी हात लावलात, तर माझ्याशी गाठ आहे!"

बेलदार शिडीवर चढू लागला तर तिनं त्याला खाली ओढलं. "शब्द मी दिलाय, मोडणारही मीच." ती स्वतः चढली. दोन्ही हातांनी पहिला दगड सोडवला आणि हंबरडा फोडला, "धनी, तुमचा शब्द मोडला हो! पण माणसं राखली!" अख्खं गाव रडलं असं सांगतात. बुरूज उघडला तेव्हा आत नुसती माती आणि पिंपळाची मुळं. पुढचा पावसाळा काही त्यानं काढला नसता.

आजही जत्रेच्या आदल्या दिवशी ह्या उजव्या देवडीत जातं मांडतात, आणि त्या पिठाची पहिली कोरडी भाकरी गावाचा कारभारी सर्वांसमोर खातो. पूर्वी पाटील खायचे, आता सरपंच. कचकच लागली तर थुंकायचं नाही. गिळायची आणि खरं सांगायचं. गेल्या साली निवडणूक तोंडावर आलेली, आणि आमच्या सरपंचबाई पहिल्याच घासाला थांबल्या. सगळं गाव त्यांच्या जबड्याकडे बघतंय! त्यांनी घास गिळला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "लागतेय हो." दुसऱ्या दिवशी गवंडी बुरुजाच्या डागडुजीला लागले.